आर्कान्साने आधी घरच्यांशी खेळावं

६ सप्टेंबर २०२५ रोजी लिटल रॉकच्या वॉर मेमोरियल स्टेडियममध्ये युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्सा आणि आर्कान्सा स्टेट हे अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ एकमेकांविरुद्ध उतरले. दोन्ही विद्यापीठं सरकारी, दोन्ही एकाच राज्यातली, दोघांचेही संघ शंभर वर्षांपेक्षा जुने. तरीही हा त्यांच्यातला आजवरचा पहिलाच सामना होता. मोठ्या विद्यापीठाने, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्साने, तो ५६–१४ असा आरामात जिंकला.

एवढा फरक दिसल्यावर जुना युक्तिवाद पुन्हा वर येणारच. असा एकतर्फी सामना खेळून कोणाचं भलं झालं? जिंकणाऱ्याला श्रेय नाही, हरणाऱ्याची शोभा झाली. त्यापेक्षा राज्यातल्या कुठल्याच संघाशी न खेळण्याचं पूर्वीचं धोरण बरं होतं, असं म्हणणारे लोक इथे आहेत. मला ते पटत नाही. माझ्या मते हा सामना काही दशकं आधीच सुरू व्हायला हवा होता, तो ठरावीक वर्षांनी होत राहायला हवा, आणि एखाद्या वर्षी तो आर्कान्सा स्टेटच्या गावी, जोन्सबरोलाही व्हायला हवा. वॉलमार्टमुळे आणि तिच्याभोवती वाढलेल्या उद्योगांमुळे बेंटनव्हिल-रॉजर्सच्या पट्ट्यात आमच्यासारखी मराठी कुटुंबं आता चांगली रुळली आहेत. कर इथे भरतो, मुलं इथल्याच विद्यापीठांत जातात. कोणाचं मूल जवळच्या फेएटव्हिलला मोठ्या विद्यापीठात, तर कोणाचं राज्याच्या दुसऱ्या टोकाला जोन्सबरोला. त्यामुळे ‘हा अमेरिकनांचा खेळ, आपल्याला काय त्याचं’ असं म्हणून मोकळं होता येत नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकांसाठी थोडी मांडणी करून घेतो. कॉलेज फुटबॉलच्या हंगामात प्रत्येक संघाला नियमित १२ सामने मिळतात. त्यातले आठ किंवा नऊ आपल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपल्या गटातल्या संघांशी असतात. ते गट ठरवतो. उरलेले तीन-चार विद्यापीठ स्वतः ठरवतं. या तीन-चार तारखांवर लाखो डॉलरचा व्यवहार होतो. मोठी विद्यापीठं एखादा सामना तोलामोलाच्या संघाशी ठेवतात आणि बाकीच्या तारखांना लहान संघांना पैसे देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. याला इथे ‘गॅरंटी गेम’ म्हणतात. बोलावणाऱ्याला घरचा सामना मिळतो, तिकिटं, पार्किंग, खाण्यापिण्याची विक्री मिळते आणि बहुतेक वेळा विजय मिळतो. हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्यासाठी सहा विजय लागतात, त्यात याची भर पडते. येणाऱ्याला चेक मिळतो. २०२२ मध्ये टेक्सस ए अँड एमने ॲपलाचियन स्टेटला १५ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि १७–१४ अशी हार पदरात घेतली. २०२४ मध्ये नोत्र दामने नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख दिले आणि १६–१४ने सामना गमावला. असे निकाल क्वचितच लागतात, म्हणून ते वर्षानुवर्षं सांगितले जातात.

लहान विद्यापीठाच्या दृष्टीने हा चेक फार मोठा असतो. त्यांच्या क्रीडा विभागाकडे टीव्हीचे कोट्यवधी येत नाहीत. विद्यापीठाचा निधी आणि विद्यार्थ्यांकडून घेतलेलं शुल्क यांवर बराचसा डोलारा उभा असतो. सप्टेंबरमधल्या एका शनिवारी मार खाऊन मिळालेल्या पैशात मुलींचा व्हॉलीबॉल संघ, धावपटू, गोल्फ, प्रवासाच्या बस असं बरंच काही भागतं.

आता मूळ मुद्दा. मोठ्या विद्यापीठाने दुबळ्या संघाशी खेळायचं की नाही, हा वादच उरलेला नाही. ती सगळी विद्यापीठं दरवर्षी खेळतात, आर्कान्साही खेळतं. मग तो दुबळा संघ आणि त्याला जाणारा चेक राज्यातला असावा की परराज्यातला, एवढंच ठरवायचं आहे. आर्कान्साने १९४४ नंतर थेट २०२१ पर्यंत या प्रश्नाचं उत्तर ‘परराज्यातला’ असंच दिलं.

या धोरणामागे मूर्खपणा होता असं मात्र मी म्हणणार नाही. ते कटाक्षाने पाळणारे फ्रँक ब्रॉयल्स हे या राज्यातलं फार मोठं नाव. १९५८ ते १९७६ ते संघाचे प्रशिक्षक होते, १९६४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं आणि पुढे २००७ च्या अखेरपर्यंत क्रीडा संचालक राहिले. त्यांचं गणित सरळ होतं. राज्याची लोकसंख्या आज जेमतेम ३० लाख, तेव्हा तर त्याहून कमी. व्यावसायिक लीगमधला एकही मोठा संघ राज्यात नाही. शेजारी टेक्सससारखं अवाढव्य राज्य, आणि ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये आर्कान्सा अनेक दशकं खेळलं तिथे बाकीचे सगळे टेक्ससचेच. अशा वेळी सगळ्या राज्याने एकाच झेंड्याखाली यावं, डेल्टातल्या शेतकऱ्याने आणि ओझार्कच्या डोंगरातल्या गवळ्यानेही रेझरबॅक्सच्याच, म्हणजे आर्कान्साच्या संघाच्याच, नावाने हाळी घालावी, मुलांनी लहानपणापासून एकच संघ आपला मानावा, असं त्यांना वाटलं. घरचे सामने फेएटव्हिल आणि लिटल रॉक असे वाटून खेळवण्यामागेही हाच हिशेब होता. राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाशी सामना म्हणजे घरातच दोन तट पाडून घेणं, अशी ही भूमिका.

ही भूमिका १९६० सालात समजू शकतो. १९९२ मध्ये आर्कान्सा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेलं, टीव्हीचा पैसा वाढत गेला, फेएटव्हिलचं स्टेडियम सुमारे ७६ हजारांचं झालं, तेव्हा ती बदलायला हवी होती. झेंडा पक्का रोवला गेला होता. तो आता कोणाच्या एका सामन्याने हलणार नव्हता.

याला पुरावा ओहायोचा. ओहायो स्टेट हा देशातल्या सर्वांत बलाढ्य संघांपैकी एक. राज्यातल्या टोलिडो, ॲक्रन, बोलिंग ग्रीन, केंट स्टेट, ओहायो युनिव्हर्सिटी अशा लहान संघांना तो सर्रास बोलावतो. टोलिडोला २०२२ मध्ये ७७–२१, ॲक्रनला २०२४ मध्ये ५२–६, ओहायो युनिव्हर्सिटीला २०२५ मध्ये ३७–९. राज्यातल्या संघाकडून ओहायो स्टेट शेवटचं हरलं ते १९२१ मध्ये, ओबरलिन नावाच्या छोट्या कॉलेजकडून, ७–६ असं. घरच्यांशी एवढे सामने खेळूनही ओहायोचं मन दुभंगलेलं नाही. कोलंबसमध्ये शनिवारी कोणाचा रंग दिसतो हे सांगायला नको. घरच्यांशी खेळल्याने घर फुटतं, ही भीती तिथे कधी खरी ठरली नाही.

आणि घरच्यांना टाळून आर्कान्साने काय कमावलं, तेही बघू. साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या पहिल्या हंगामाचा पहिलाच सामना, ५ सप्टेंबर १९९२. साउथ कॅरोलायनातलं ‘द सिटाडेल’ हे लष्करी कॉलेज पाहुणं आलं आणि १०–३ने जिंकून गेलं. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक जॅक क्रो यांची नोकरी गेली. २०१२ मध्ये देशात आठव्या क्रमांकावर असताना लुइझियाना-मनरोकडून लिटल रॉकमध्ये ३४–३१ अशी हार. २०१५ मध्ये तिथेच टोलिडोकडून १६–१२. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे स्टेटला १५ लाख डॉलर देऊन बोलावलं, ते ३१–२४ने जिंकले आणि चेक घेऊन परत गेले.

या सगळ्यांत मला २०१८चा नॉर्थ टेक्ससविरुद्धचा सामना विसरता येत नाही. आर्कान्साने पंट मारला, म्हणजे चेंडू लांब टोलवून समोरच्याला दिला. चेंडू झेलणाऱ्याने हात वर करून हलवला तर त्याला कोणी पाडायचं नाही आणि त्यानेही पळायचं नाही, असा नियम आहे. नॉर्थ टेक्ससचा कीगन ब्रूअर चेंडू झेलून तिथेच स्वस्थ उभा राहिला. हात त्याने वर केलाच नव्हता. पण त्याचं ते उभं राहणं बघून आर्कान्साचे धावत आलेले खेळाडू थबकले, काही तर त्याच्या जवळून पुढे निघून गेले. क्षणभर कोणीच काही केलं नाही. शिट्टी वाजली नाही. आणि मग ब्रूअर पळत सुटला. ९० यार्ड, थेट टचडाउन. सामना संपला तेव्हा फलकावर ४४–१७ होतं आणि फेएटव्हिलची गर्दी आपल्याच मैदानात अवाक होऊन बसली होती.

ज्या अपमानाच्या भीतीने आर्कान्सा स्टेटला दूर ठेवलं, तो अपमान सॅन होजे, टोलिडो आणि नॉर्थ टेक्ससकडून झालाच. फरक पडला तो एवढाच की राज्याच्या सरकारी विद्यापीठाने कमावलेले पैसे दुसऱ्या राज्यांच्या तिजोरीत गेले. तेच पैसे जोन्सबरोला, कॉनवेच्या सेंट्रल आर्कान्साला किंवा पाइन ब्लफला गेले असते तर इथल्याच मुलींच्या संघांना, इथल्याच धावपटूंना मिळाले असते. सेंट्रल आर्कान्सा म्हणजे तेच कॉलेज, जिथून बास्केटबॉलमधला, शिकागो बुल्सचा स्कॉटी पिपेन पुढे आला. याच राज्यातल्या हॅम्बर्ग गावचा हा मुलगा मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतून सुटला होता. लहान कॉलेजं अशा मुलांना उभं करतात. त्यांना तगवणं हे राज्याचंच काम नाही का?

पाइन ब्लफचा विषय निघाला की हिशेब पैशांपुरता राहत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्सा ॲट पाइन ब्लफ ही कृष्णवर्णीयांसाठी १८७३ मध्ये स्थापन झालेली संस्था. दक्षिणेतल्या गोऱ्या विद्यापीठांची दारं बंद असताना राज्यातल्या कृष्णवर्णीय मुलांना शिकायला सरकारी जागा हीच होती. १९४८ च्या फेब्रुवारीत सायलस हंट नावाचा तरुण फेएटव्हिलच्या कायदा शाखेत दाखल झाला, तो पाइन ब्लफचाच पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात लढून जखमी होऊन आलेला. गोऱ्या दक्षिणेत एखाद्या विद्यापीठाने कोर्टाचा हुकूम नसताना कृष्णवर्णीय विद्यार्थी घ्यावा, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. पण त्याला वर्गात बसू दिलं नाही. तळघरातल्या खोलीत वेगळं शिकवलं गेलं. काही गोरे विद्यार्थी आपणहून खाली जाऊन त्याच्याबरोबर बसत. पुढच्याच वर्षी क्षयाने तो गेला.

पाइन ब्लफ १९७२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ आर्कान्साच्या व्यवस्थेत सामील झालं. म्हणजे तेव्हापासून दोन्हींवर एकच विश्वस्त मंडळ आहे. एकाच मंडळाच्या दोन विद्यापीठांमध्ये पुढची जवळपास पन्नास वर्षं फुटबॉलचा एकही सामना झाला नाही. तो झाला २३ ऑक्टोबर २०२१ ला, लिटल रॉकमध्ये. क्रीडा संचालक हंटर युराचेक यांनी जुनं धोरण बाजूला ठेवलं म्हणून झाला, आणि त्यासाठी ते अभिनंदनाला पात्र आहेत. निकाल ४५–३. दोन संघांच्या ताकदीत जो फरक आहे त्याला इतिहास कारण आहे, आणि तो इतिहास घडवण्यात राज्याचा हात आहे. दशकानुदशकं एका विद्यापीठाला भरभरून दिलं, दुसऱ्याला उरलंसुरलं. मग त्याच फरकाकडे बोट दाखवून ‘तुम्ही आमच्या तोलाचे नाही, म्हणून खेळणार नाही’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शेजारच्या लुइझियानात यापेक्षा बरं चित्र आहे. लुइझियाना स्टेट, म्हणजे एलएसयू, राज्यातल्या लहान संघांना पूर्वीपासून बोलावत आलं आहे: मॅकनीज, निकल्स, लुइझियाना टेक, नॉर्थवेस्टर्न स्टेट. पण बॅटन रूज या एकाच शहरात असलेल्या सदर्न युनिव्हर्सिटीशी, कृष्णवर्णीयांच्या त्या नामांकित विद्यापीठाशी, त्यांचा सामना कधी झाला नव्हता. एकाच शहरातली दोन विद्यापीठं, मध्ये काही मैलांचं अंतर. तो पहिला सामना १० सप्टेंबर २०२२ ला झाला. एलएसयू ६५–१७ने जिंकलं. पुढच्या वर्षी ग्रॅम्बलिंग स्टेट आलं आणि ७२–१०ने हरलं. ग्रॅम्बलिंग म्हणजे एडी रॉबिन्सन यांचं विद्यापीठ; १९४१ ते १९९७ या काळात त्यांनी तिथे ४०८ सामने जिंकले.

आकडे वाचून वाटेल की हे सामने पाहण्यासारखे नव्हते. पण सदर्नच्या सामन्यात मध्यंतराला घडलं ते बघा. सदर्नचा ‘ह्यूमन ज्यूकबॉक्स’ आणि एलएसयूचा ‘गोल्डन बँड फ्रॉम टायगरलँड’ हे दोन्ही बँड एकत्र मैदानात उतरले. एक पावलं आखून शिस्तीत चालणारा, दुसऱ्याच्या चालण्यातच नाच. कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या सामन्याला बँड ऐकायला येणारी माणसं खेळ पाहायला येणाऱ्यांइतकीच असतात आणि मध्यंतरात कोणी जागा सोडत नाही. त्या दिवशी लाखभराच्या स्टेडियममध्ये शहराच्या दोन बाजू पहिल्यांदाच फुटबॉलच्या निमित्ताने शेजारी बसल्या होत्या. हे अमुक इतक्या गुणांनी मोजता येत नाही, पण सरकारी विद्यापीठ असतं ते यासाठीही.

विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा दुखापतीचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. २०१५ मध्ये जॉर्जियाच्या मैदानावर खेळताना सदर्नच्याच एका खेळाडूच्या मानेला जबर इजा झाली आणि त्याला अर्धांगवायू झाला. मोठ्या संघातली मुलं वजनाने, वेगाने, व्यायामाच्या सोयींनी पुढे असतात. समोरच्या फळीतला फरक तीस-चाळीस पौंडांचा असला की धोका वाढतो. पण हा धोका सामना राज्याबाहेर नेल्याने कमी होत नाही. तो खेळाडू लुइझियानातून जॉर्जियात गेला होता. जर कोणी म्हणत असेल की खालच्या विभागातल्या, म्हणजे सदर्न, पाइन ब्लफ यांसारख्या दुसऱ्या पायरीवरच्या संघांशी पैशांचे सामने मुळातच बंद करा, तर ती प्रामाणिक भूमिका आहे, आणि तिच्याशी मी वेगळा वाद घालीन. पण परराज्यातल्या लहान संघाला चालतं आणि घरच्याला चालत नाही, असं म्हणणाऱ्याला दुखापतीचा आधार घेता येणार नाही. शिवाय आर्कान्सा स्टेट खालच्या विभागातलं नाहीच. १९९२ पासून ते वरच्या विभागात खेळतं. २००८ मध्ये त्यांनी टेक्सस ए अँड एमला त्यांच्याच मैदानावर १८–१४ने हरवलं, २०२० मध्ये कॅन्सस स्टेटला ३५–३१ने.

दुसरा मुद्दा खेळाडू मिळवण्याचा. राज्यातल्या शाळांमधली चांगली मुलं आज डोळे मिटून फेएटव्हिलला येतात; जोन्सबरोने एकदा हरवलं तर ती तिकडे बघायला लागतील, असं म्हणतात. आता खेळाडूंना थेट मोबदला देता येतो. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या समझोत्यानुसार एका विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली. ज्याच्यामागे साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा टीव्ही करार आहे त्याने जोन्सबरोची भीती बाळगावी, हे मला तर्काला धरून वाटत नाही.

भीती खरी आहे ती प्रशिक्षकांची. व्हर्जिनियातलं उदाहरण बोलकं आहे. व्हर्जिनिया टेकने राज्यातल्याच ओल्ड डोमिनियनशी दीर्घ करार केला, आणि नॉरफोकला त्यांच्या मैदानावर जायचंही कबूल केलं. ओल्ड डोमिनियनने फुटबॉल पुन्हा सुरू केला होता तो २००९ मध्ये. २२ सप्टेंबर २०१८ ला टेक देशात तेराव्या क्रमांकावर, ओल्ड डोमिनियनची तिन्ही सामन्यांत हार झालेली. आणि राखीव खेळाडूंतून आलेल्या ब्लेक लारूसा या क्वार्टरबॅकने ४९५ यार्डांचे पास टाकून सामना ४९–३५ असा जिंकून दिला. सुमारे वीस हजारांचं ते छोटं मैदान त्या रात्री माणसांनी भरून गेलं. २०२२ मध्ये पुन्हा नॉरफोकलाच २०–१७. २०२५ मध्ये तर टेकच्या घरी, ब्लॅक्सबर्गला, ४५–२६. दुसऱ्या दिवशी टेकच्या प्रशिक्षकांना काढून टाकलं.

यावरून कोणताही प्रशिक्षक म्हणेल की असा सामना नकोच. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. नोकरी त्याची आहे. पण वेळापत्रक फक्त प्रशिक्षकाच्या नोकरीच्या सोयीने ठरू नये. टेकलाच २०१० मध्ये राज्यातल्या, तेव्हा खालच्या विभागात असलेल्या जेम्स मॅडिसनने घरी येऊन २१–१६ने हरवलं होतं. हंगाम संपल्यात जमा आहे असं वाटत असताना टेकने पुढचे सलग ११ सामने जिंकून कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. आणि नॉरफोकसारख्या बंदराच्या शहराला २०१८ ची ती रात्र मिळाली, ती राज्याच्या तळागाळातल्या फुटबॉलची मिळकत आहे. टेकने ती घालवली असं मी म्हणणार नाही. टेक नॉरफोकला गेलं म्हणून ती घडली.

आपल्या मैदानावर बोलावणं सोपं असतं. दुसऱ्याच्या गावी जाणं अवघड, आणि बरोबरीची वागणूक कळते ती तिथेच. नॉर्थ कॅरोलायनाचं जुनं, मोठं विद्यापीठ ३ सप्टेंबर २०२२ ला त्याच राज्यातल्या, डोंगरातल्या बून गावी ॲपलाचियन स्टेटकडे गेलं. चाळीस हजारांवर माणसं जमली. त्या स्टेडियमने तेवढी गर्दी कधी पाहिली नव्हती. यजमानांनी एकट्या शेवटच्या क्वार्टरमध्ये ४० गुण केले आणि तरी ६३–६१ने हरले. त्या दिवशी कोणी ‘यातून कोणाचं भलं झालं’ असं विचारलं नसेल.

आर्कान्साला मात्र जोन्सबरो फार दूर वाटतं. लिटल रॉकचा सामनाही कागदोपत्री आर्कान्साचाच घरचा होता. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० सप्टेंबर २०२५ ला, रेझरबॅक्स मिसिसिपी नदी ओलांडून टेनेसीत मेम्फिसला गेले. मेम्फिसही आर्कान्साच्या कॉन्फरन्सच्या तुलनेत लहान गटातला संघ. २८–१०ची आघाडी हातात असताना आर्कान्सा ३२–३१ने हरलं. त्या मैदानापासून जोन्सबरो गाडीने तास-सव्वा तासावर आहे. मेम्फिसला जाताना आर्कान्सा स्टेटचा सगळा परिसर जवळच राहतो. जो संघ दुसऱ्या राज्यातल्या मेम्फिसच्या घरी जाऊ शकतो, तो आपल्याच राज्यातल्या जोन्सबरोला का जाऊ शकत नाही, याचं पटेल असं उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

काहींना वाटतं, कायदाच करावा. अमेरिकेत राजकारण्यांनी अशा सामन्यांसाठी दबाव टाकल्याची उदाहरणं आहेत. अलाबामा आणि ऑबर्न ४१ वर्षं एकमेकांशी खेळले नव्हते. १९४७ मध्ये अलाबामाच्या प्रतिनिधीगृहाने ठराव केला आणि १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला. आज तो देशातल्या सर्वांत चुरशीच्या सामन्यांपैकी एक आहे. आयोवा आणि आयोवा स्टेट यांनाही १९३४ नंतर एकत्र यायला १९७७ उजाडलं. पण माझं मत कायद्याच्या बाजूने नाही. विधिमंडळाने एकदा वेळापत्रकात हात घातला की उद्या मैदानाचं नाव आणि प्रशिक्षकाचा पगारही तिथेच ठरायला लागेल. हे काम विश्वस्त मंडळाचं आहे, आणि पाइन ब्लफच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंना तेच मंडळ आहे.

घाई करण्याचं कारण आहे. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २०२६ पासून कॉन्फरन्समधले सामने आठवरून नऊ केले आहेत, आणि शिवाय दुसऱ्या मोठ्या गटातल्या एखाद्या संघाशी दरवर्षी खेळणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे बारापैकी दहा जागा भरल्या, मोकळ्या राहिल्या फक्त दोन. आता बारा संघांच्या प्लेऑफचं, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या बाद फेरीचं, आमिष असल्याने या दोन जागी सर्वांत सोपा पाहुणा शोधण्याचा मोह आणखी वाढेल. नऊ कठीण सामन्यांनंतर संघाला थोडा दम घ्यावा लागतो, हे मान्य. म्हणूनच मी दोन्ही जागा मागत नाही. दोनपैकी एक राज्यातल्या संघासाठी कायमची राखून ठेवावी. आर्कान्सा स्टेट, सेंट्रल आर्कान्सा आणि पाइन ब्लफ यांना ती आळीपाळीने मिळावी. आर्कान्सा स्टेटची पाळी येईल तेव्हा एकदा फेएटव्हिल, एकदा जोन्सबरो. सुमारे तीस हजारांचं मैदान आहे तिथे, आणि ते भरेल याबद्दल मला शंका नाही. चेकची रक्कम परराज्यातल्या संघाला देतात तेवढीच असावी, घरचे म्हणून कमी नको. पाइन ब्लफच्या वर्षी सामना फेएटव्हिलला ठेवावा, सायलस हंटला तळघरात शिकवलं त्याच विद्यापीठाच्या मोठ्या मैदानावर. मध्यंतराची पूर्ण वेळ पाइन ब्लफच्या बँडला द्यावी, आणि त्या बँडचा जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च करारातच लिहून ठेवावा.